चिमणसुताराची मोजणी

काचेच्या खोलीत तिला बसवून, कानांवर जाड गाद्यांचा पट्टा चढवून आणि हातात बटण देऊन तपासणीवाली मुलगी बाहेर गेली, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. ऐकायचं म्हटलं की तिचे डोळे आपोआप मिटत. बत्तीस वर्षांची सवय. 'आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं हं, मावशी,' असं मुलीने बजावलं होतं आणि तिला मनातल्या मनात हसू आलं होतं. बारीक आवाज ऐकण्याचाच तर ती पगार घेत होती. पहिले आवाज आले ते जाड, गोल, लांबच्या भोंग्यासारखे. तिने दाबलं. मग जरा वरचे आले, शिट्टीच्या अलीकडचे. तेही दाबले. मग काही नाही. मुलगी यंत्रात काहीतरी जुळवत असेल, म्हणून ती थांबली. वाट बघण्यात तिचा हात कोणी धरला नसता. पहाटेच्या गारठ्यात एका जागी पाय न हलवता उभं राहायचं, श्वाससुद्धा नाकातून हळू सोडायचा, आणि पानांच्या पलीकडून कोण बोलतंय ते टिपायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खोली इतकी शांत होती की मानेतलं हाड सरकलेलं तिला कळत होतं. ती थांबली, थांबली. मग दार उघडलं.

'झालं, मावशी.'

'झालं काय? अजून सुरू कुठे केलंत तुम्ही?'

मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग जपून म्हणाली, 'सगळं झालंय. दोन्ही कान झाले.'

कागदावर दोन रेघा होत्या, एक लाल, एक निळी. डावीकडे त्या शहाण्या मुलींसारख्या सरळ चालत होत्या, मध्यावर जरा वाकल्या होत्या आणि तिथून पुढे कड्यावरून पाय घसरावा तशा सरळ खाली गेल्या होत्या. मुलगी पेन्सिलीने दाखवत होती. हे बोलणं, हे दारावरची थाप, हे रस्त्यावरची गाडी. हे सगळं छान आहे, म्हणून तर माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही. 'आणि हे?' तिने कड्याच्या पायथ्याशी बोट ठेवलं. 'ते काय, वरचे आवाज. डास, थर्मामीटरची पिपी, पाखरांची चिवचिव. वयाने आधी तेच जातात. त्यावाचून काही अडत नाही म्हणा.' किती वर्षं झाली असतील, असं तिने विचारलं तेव्हा मुलीने खांदे उडवले. सहा, सात, कमीजास्त. कानात यंत्र बसवता येईल, तीन आठवडे लागतील, पण जे मुळातूनच गेलंय ते यंत्राने परत येत नाही, हे तिने आधीच सांगून ठेवलं. ती बरं म्हणाली. पर्स उचलली. भलत्याच दाराला धक्का दिला, मग बरोबरच्या.

थर्मामीटरनेच तर तिला इथवर आणलं होतं. मागच्या आठवड्यात अंगात कसर होती, काखेत थर्मामीटर लावून ती बसली होती आणि धाकटी बहीण स्वयंपाकघरातून ओरडत आली होती, 'अगं ताई, केव्हाचं वाजतंय ते! उबवतेयस की काय?' दोघीही हसल्या होत्या. धाकटीला हसता हसता काळजी करायची खोड. तिनेच पिच्छा पुरवून तपासणीची वेळ घेतली. रस्त्यावर आल्यावर ते हसणं तिला आठवलं आणि फुटपाथवर, माणसांच्या येण्याजाण्याच्या मधोमध, ती उभी राहिली. एकजण 'जरा बाजूला' म्हणाला. ते स्वच्छ ऐकू आलं. बसचा कर्कश ब्रेक ऐकू आला, दुकानदाराने खाली ओढलेलं शटर ऐकू आलं. सगळं जग जागच्या जागी होतं. फक्त जगाच्या वरच्या काठाला कुणीतरी कात्री लावली होती आणि त्या कापलेल्या पट्टीत नेमकं काय होतं हे साऱ्या रस्त्यावर तिला एकटीला माहीत होतं. तांदूळ पत्र्यावर सांडावेत तसा एक कोरडा, उंच, थरथरता आवाज त्यात होता. चिमणसुतार त्यात होता.

चिमणीएवढा पक्षी. वजन तीन चमचे साखरेइतकं. पाठीवर काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या, डोक्यावर पिंगट टोपी, आणि नराच्या डोळ्यामागे काडीच्या गुलाएवढी लाल रेघ, तीही त्याच्या मनात असेल तेव्हाच दिसणारी. मोठे सुतार पक्षी खोडावर दणादण ठोकतात, अख्ख्या बनाला कळतं की साहेब आले. हा बिचारा फांदीच्या टोकाला, जिथे मोठ्यांचं वजन पेलत नाही तिथे, कडक शेपटीचा टेकू लावून उलटासुलटा फिरतो, सालीखालच्या किड्यांना त्याची लांब जीभ हुडकून काढते. ठोकतो तोसुद्धा कुणाची झोपमोड नको अशा बेताने. बनाशेजारच्या रस्त्याच्या घरघरीत ते ठोकणं कधीच बुडून गेलं होतं. घरटं करायला त्याला मेलेलं झाड लागतं, उभं मेलेलं. जिवंत लाकूड त्याच्या चोचीला झेपत नाही. नर आणि मादी आळीपाळीने पंधरापंधरा दिवस वाळल्या फांदीला खालच्या अंगाने कोरतात, म्हणजे पाऊस आत येणार नाही, आणि दार एवढं लहान ठेवतात की अंगठा कसाबसा जाईल. दर वर्षी नवं. जुनं टाकलेलं बिऱ्हाड दुसरी छोटी पाखरं घेतात. एकदा धाकटीची मुलगी लहान असताना तिला मांडीवर घेऊन तिने त्याचं गाणंच केलं होतं: 'चिमणसुतारा, काय घडवीशी? वाळल्या फांदीत खोली एवढीशी.' पोर अंगठा आणि बोट जुळवून एवढीशी दाखवायची आणि खिदळायची. त्या पोरीला आता चष्मा आहे, ती दुसऱ्या शहरात शिकवते, आणि ते गाणं तिला आठवत असेल की नाही कोण जाणे.

ती चालत राहिली. घर मागे पडलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. मोजणीची रीत तिच्या पायांत भिनलेली होती. शंभर पावलं झाली की पाय आपोआप रेंगाळत. शहराच्या कडेच्या जुन्या बनात चाळीस खुणेच्या जागा, प्रत्येक जागी पाच मिनिटं, उजेड फुटल्यापासून ऊन तापेपर्यंत. तक्त्यात दोन रकाने, 'दिसला' आणि 'ऐकला'. बाहेरच्या माणसाला वाटतं पक्षी बघून मोजतात. दाट पानात काय दिसणार? दहातल्या नऊ नोंदी 'ऐकला'च्या. आणि 'दिसला'ची जी एक नोंद असते तिलाही आधी कानच वाट दाखवतो. कान म्हणतो तिकडे, मग डोळा जातो. वनखात्याच्या ऑफिसात तिला 'कानबाई' म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, मग दुसऱ्यांच्या निरोप समारंभातल्या भाषणांतसुद्धा. नव्या माणसांचे आकडे तिच्या आकड्यांशी ताडून बघत. हे कान आले होते बापाकडून. बाप सुतार होता, खरा, दोन हातांचा. फळी विकत घेण्याआधी तो बोटाच्या पेराने तिला टकटक करायचा आणि लेकीला म्हणायचा, 'ऐक. आत पोकळ आहे. वरून कशी सुंदरी दिसते बघ, पण खाल्लंय तिला आतून.' तिला फरक कळायचा. पाच वर्षांची असताना कळायचा. बाप शेजाऱ्यांना सांगत सुटायचा की माझ्या पोरीला लाकूड बोललेलं समजतं.

अकरा. नऊ. सहा. चार. दोन. मग शून्य, शून्य, शून्य. जुन्या बनातल्या चिमणसुताराच्या जोड्या, वर्षागणिक, तिच्याच अक्षरात. चार झाले त्या वर्षी ती धाकटीजवळ रडली होती. दोन झाले तेव्हा तिला रडू आलं नाही, घरातलं माणूस अंथरुणाला खिळल्यावर पुढचं आपण आधीच मनात करून ठेवतो तसं तिने करून ठेवलं होतं. आणि तिसऱ्या शून्यानंतर तिने पत्र लिहिलं. बत्तीस वर्षांतलं सर्वांत छोटं पत्र. 'सलग तीन वर्षे नोंद नाही. सदर पट्ट्यातून ही जात नाहीशी झाली असे समजण्यास हरकत नसावी.' हरकत नसावी! बनाच्या कागदात वीस वर्षांपूर्वी एक कलम घालून घेतलं होतं ते तिनेच, तेव्हाच्या साहेबांच्या मागे भुणभुण लावून: जोवर या बनात चिमणसुतार आहे तोवर उभं मेलेलं झाड तोडू नये. आता चिमणसुतार नाही, तर कलम नाही, तर मेलेली झाडं कशाला? पडून कुणाच्या डोक्यात बसायची. फिरायला येणाऱ्यांसाठी वाट करायची ठरली, एकशे बारा झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले गेले, येत्या सोमवारपासून काम. आज मंगळवार होता.

आणि ड्रायव्हर. त्याची आठवण येऊ नये म्हणून ती मघापासून भराभर चालत होती, पण ती आलीच. ऑफिसची जीप बनाच्या तोंडाशी लावून तो तिची वाट बघत बसायचा. पहिल्या शून्याच्या वर्षी ती बाहेर आली तेव्हा त्याने दार उघडता उघडता म्हटलं होतं, 'बाई, तुमचा बारका आज गाडीपाशीच बोंबलत होता की.'

'काय सांगता! चहापाणी विचारलंत का मग त्याला?'

'खरंच सांगतो. ते तांदूळ सांडल्यासारखं. तुम्हीच शिकवलंत ना.'

'नाकतोडा असेल हो. तुम्हाला हल्ली प्रत्येक किड्यात सुतार ऐकू येतो.'

तोही हसला होता. दुसऱ्या वर्षी तो नुसतं एवढंच म्हणाला, 'आज नाकतोडे फार आहेत बाई,' आणि तिला वाटलं चेष्टा करतोय. तिसऱ्या वर्षी तो काहीच बोलला नाही. वर्तमानपत्र वाचत बसला होता. ते सगळे दिवस आता तिच्यासमोर उलटे फिरून आले. पहाटेची ती प्रसिद्ध शांतता, जिच्याबद्दल तिने अहवालात लिहिलं होतं की बन मुकं होत चाललं आहे. ती मिटल्या डोळ्यांनी उभी राहायची, तिचा ऊर भरून यायचा, आणि डोक्यावर दोन हातांवर, कोण जाणे, अख्खं गोत गोळा होऊन गात असेल. लग्नघरात शिरून कुणी म्हणावं, अरेरे, इथे कुणीच राहत नाही.

घरी धाकटीने विचारलं, 'काय म्हणाले?' ती म्हणाली, 'वरचं ऐकू येत नाही.' धाकटीने कपाळाला हात लावला, मग तिच्या पाठीवर ठेवला. 'मग वरचं कुणाला हवंय? माझं बोलणं ऐकू येतंय ना, तेवढं पुरे.' चांगल्या मनाने म्हणाली होती. तिने खुर्चीचा हात पेराने ठोकून बघितला. लाकूड बोललं, भरीव बोललं. ते ऐकू येत होतं म्हणून तिला अधिकच वाईट वाटलं.

बुधवारी ती साहेबांसमोर कागद घेऊन उभी राहिली. साहेब वयाने लहान. नोकरीला लागले तेव्हा याच बनात सहा महिने तिच्या मागे मागे हिंडले होते. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या. समजायला वेळ लागला नाही. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

'बाई, म्हणजे शून्यं...'

'माझी आहेत. बनाची नाहीत.'

'असं एकदम कसं म्हणता? खरंच गेला असेल तो.'

'असेल. मला कुठे माहितेय? तेच सांगतेय मी.'

'तुमच्या आकड्यांवरून आम्ही बाकीच्यांचे आकडे खोडलेत हो,' साहेब हळू म्हणाले. 'कुणी तीन लिहिले की मी म्हणायचो, कानबाईंना एक मिळत नाही आणि तुला तीन?' मग ते उठून खिडकीशी गेले. बाकीचे मोजणीदार दूरच्या बनांत गेलेले, आठवडाभर यायचे नाहीत. आवाज टिपणारं नोंदयंत्र मागवता येईल, पण ते मुख्यालयातून यायला सव्वा महिना. तोड थांबवा असं फोनवर सांगता येईल, पण फोनवर कोण ऐकतं, तिथे कागद लागतो. परत वळून ते म्हणाले, 'उद्या एक तर मी तुमचं पत्र घेऊन स्वतः वर मुख्यालयात जातो, नाहीतर तुमच्याबरोबर बनात येतो. माझे कान अजून बरे असावेत. पण दोन्ही एका दिवशी व्हायचं नाही, आणि परवा मला कोर्टात उभं राहायचंय. काय करू? तुम्हीच सांगा.'

पत्र, ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता म्हणाली. उभा जन्म तिने लिहिलेल्यावर विश्वास ठेवला होता. जे तक्त्यात आहे ते आहे. तिने तिथेच बसून लिहिलं. मागील तीन वर्षांच्या नोंदी निरीक्षकाच्या श्रवणदोषामुळे ग्राह्य धरू नयेत. साहेब म्हणाले, 'जीप घेऊन जातो, म्हणजे संध्याकाळपर्यंत परत येता येईल.' जीप म्हणजे ड्रायव्हरही. खाली तो गाडी पुसत होता. ती त्याच्याजवळ गेली. 'तुम्ही म्हणत होता ते... नाकतोडे नव्हते हो.' त्याने फडकं पिळलं. 'जाऊ द्या बाई,' तो म्हणाला. 'मला तरी काय कळतंय.' हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी ती धाकटीला घेऊन बनात गेली. बघूनही नोंद होते, 'दिसला'चा रकाना कुणी बंद केलेला नव्हता, आणि सोमवारपर्यंत चार सकाळी होत्या. चाळीसपैकी पहिल्या जागी उभं राहून तिने डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. पानं, पानं, पानांमागे पानं. एवढ्या सगळ्यात डोळ्याने कुठे जायचं? कानाने हात सोडल्यावर डोळा जत्रेत चुकलेल्या पोरासारखा भिरभिरत होता. धाकटीने मात्र तोंडाचा आ केला होता.

'बाई गं! केवढी ओरडतायत सगळी. तुझा कुठला त्यातला?'

'कोरडा. उंच. तांदूळ सांडल्यासारखा.'

'सगळ्यांनीच तांदूळ सांडलेत इथे. करून दाखव ना.'

तिने ओठ जुळवले, जीभ टाळूला लावली. शाळांतल्या पोरांना ती हा आवाज काढून दाखवत असे, पोरं टाळ्या वाजवत. तिला घशात, दातांमागे तो आवाज जसाच्या तसा जाणवला. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, 'नुसती हवा येतेय गं, ताई.'

ती पुन्हा करून बघणार होती, पण तेवढ्यात आतून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. तो जाड होता. तो तिला ऐकू आला.

वाट फुटायची होती त्या मोकळ्या जागेत माणसं होती. पिवळ्या टोप्या, दोर, पाण्याचे कॅन, आणि लांब मानेचं एक यंत्र. मुकादम पुढे आला. पन्नाशीचा, डोळ्यांत भुसा गेल्यासारखे लाल डोळे. ती ऑफिसची बाई, हे त्याला ठाऊक होतं. 'सोमवारचं काम आज कसं?' तिने विचारलं. 'तिकडचं लवकर आटपलं बाई. यंत्र मोकळं झालं, तर म्हटलं आजच हात लावू.' साहेब पत्र घेऊन वर गेलेत, ती म्हणाली. 'पत्र आलं की थांबतो. त्या घटकेला थांबतो. आलंय का?' तिने मान हलवली. धाकटी मध्ये पडली, 'अहो, पाखरं आहेत आत, पिल्लं असतील, दिवस कुठले आहेत हे!' मुकादमाने टोपी वर सारली. त्याला खोटं वाटलं नव्हतं. 'कुठल्या झाडात?' त्याने विचारलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं, तिने वर फांद्यांकडे.

'तसं नाही बाई,' तो म्हणाला. 'मी काही दुष्ट माणूस नाही. कागदावर एकशे बारा आहेत. एक मी ठेवू शकतो. यंत्र पोचलं नाही, जमीन भुसभुशीत होती, काहीतरी सांगेन. एकाचं सांगता येतं, दहाचं नाही येत. तुम्ही मला नेमकं दाखवा, हे झाड म्हणा, मी त्याला हात लावू देत नाही कुणाला. अर्धा तास देतो. माझी माणसं तोवर पाणी पितील.'

अर्धा तास. तिने वर बघत चालायला सुरुवात केली. हे तिला येत होतं, हे अजून शाबूत होतं: वाळली फांदी, खालचं अंग, अंगठ्याएवढं भोक, कडा ताज्या असतील तर पिवळसर, जुन्या असतील तर राखाडी. मान दुखायला लागली. ज्यांच्याकडे तिने तीन वर्षं पाहिलंच नव्हतं, नुसतं मिटल्या डोळ्यांनी ज्यांच्या मुक्याने राहण्याचा शोक केला होता, ती झाडं भोकांनी भरलेली होती. राखाडी, राखाडी, पुन्हा राखाडी. मग एक पिवळसर. त्याच्या पुढे वीस पावलांवर आणखी एक. आणि ओहोळाच्या कडेला तिसरं, किंचित तिरपं झालेलं, त्याच्या बुंध्याशी भुश्याचे कण अजून ओले. तीन. निदान तीन ताजी दारं. शून्याच्या वर्षांत राहून कोरलेली. तिच्या डोळ्यांसमोर क्षणभर सगळं हललं, आनंदाने की कशाने तिला कळलं नाही. पण कोरलेलं दार म्हणजे नांदतं घर नव्हे. कोरतात, सोडून देतात, दुसरं करतात. पिल्लं असतील तर आतून सतत चिरचिर येते, बुंध्याला कान लावला तरी कळतं. तिने स्वतःचा कान लावला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून काढून घेतला. 'तू लाव,' ती धाकटीला म्हणाली.

धाकटीने पहिल्या झाडाला मिठी मारल्यासारखं केलं, डोळे घट्ट मिटले. 'आहे... आहे बहुतेक. चिर्र असं.' दुसऱ्याला लावला. 'इथे पण आहे. की वरचं कुठलं येतंय? थांब ना.' तिसऱ्याला ती फार वेळ कान लावून उभी राहिली. तिच्या गालावर सालीचे वळ उठले होते. ती मागे फिरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 'माझ्याच कानात काहीतरी वाजतंय गं, ताई. मला नाही कळत. मला हे नाही येत.' पन्नाशी उलटलेली तिची बहीण, भाजीवालीशी भांडून जिंकणारी, लहान पोरीसारखी उभी होती. तिने धाकटीच्या गालावरचा भुसा पुसला. असू दे, म्हणाली.

मुकादम येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात लाल कापडाची पट्टी होती. तो घाई करत नव्हता. त्याने घाई केली असती तर तिला रागावता आलं असतं. 'कुठलं, बाई?' तिघं झाडांकडे बघत होती. वारा नव्हता. दारं काळी, गोल, अंगठ्याएवढी, त्यांच्यात काहीच हलत नव्हतं. तिने मोजणीदारासारखा विचार करायचा प्रयत्न केला. तिसऱ्याचा भुसा ओला, म्हणजे अजून कोरतायत, म्हणजे अंडी नसतील. पहिल्याचं दार उन्हाकडे, म्हणजे तापणार. राहता राहिलं मधलं. हा विचार किती पोकळ आहे हे तिला कळत होतं. पण तक्त्यात काहीतरी लिहावंच लागतं. तिने हात वर केला.

'हे.'

'नक्की ना?'

'हो,' ती म्हणाली, तिच्या कामाच्या आवाजात, जो आजवर कुणी खोडला नव्हता.

मुकादमाने स्वतः जाऊन मधल्या झाडाला लाल पट्टी बांधली, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. दोघींना त्याने दोराच्या बाहेर उभं केलं. माणसांनी कानांवर जाड टोप चढवले, करवतीचा आवाज उठला आणि सारं बन भरून गेलं. पहिलं झाड वाकलं, थांबलं, मग पडलं. पानं नव्हती, त्यामुळे ते पडतानाही वाळक्या हाडांसारखं पडलं. धूळ बसेपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत. म्हणूनच तिला तो दिसला. ओहोळाकडच्या तिरप्या झाडाच्या फांदीवर, अगदी टोकाला, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सरकलं. थांबलं. शेपटीचा टेकू लावून फांदीच्या खालच्या अंगाला आलं. डोक्यावर पिंगट टोपी होती, डोळ्यामागे लाल रेघही होती. चोचीत पांढऱ्या अळ्या होत्या, दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या. चोच भरलेली असते तेव्हा तो ओरडत नाही. तिला ते माहीत होतं. बनात पहिल्यांदाच समोर जी शांतता होती ती त्याची स्वतःची होती, तिच्या कानांची नव्हती. दारातून एक गुलाबी, उघडं तोंड पुढे आलं, मग दुसरं.

'ते! ते नाही, हे! ओहोळाकडचं!' ती ओरडली. धाकटीने तिला दोन्ही हातांनी मागून धरलं होतं, कारण ती दोराखालून वाकायला लागली होती. 'पट्टी सोडा! हे झाड! हे!' तिचा आवाज तिला ऐकू येत होता, चांगला मोठा, जाड आवाज. करवतवाला तिरप्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन पाय रोवत होता. मुकादमाने एकदा वळून पाहिलं. टोपाखालून त्याला काय ऐकू येणार? त्याला दिसली दोराच्या पलीकडे हात वर करून काहीतरी सांगणारी बाई. त्याने मधल्या झाडाकडे बोट केलं, मान डोलावली, आणि आभार कसले त्यात, अशा अर्थाने आपलाही हात वर केला.